भाजलं, मग पुढं काय?

ब्रुसेल्स स्प्राउट्स भाजायची कृती इतकी सोपी आहे की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय. लिंबाएवढे ते कोबीचे गड्डे घ्यायचे, बुडखा किंचित उडवायचा, वरची पिवळी पानं काढायची, मधोमध चिरून दोन भाग करायचे. तेल-मीठ चोळायचं, फारच हौस असेल तर मिरपूड. चिरलेली बाजू खाली येईल असे ट्रेमध्ये मांडायचे, दोनशे अंशांच्या पुढं तापलेल्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचे आणि कडा तपकिरी झाल्या की काढून वाढायचे. संपलं. वाटण नाही, फोडणी नाही, झाकण ठेवून एक वाफ नाही, वरून कोथिंबीर पेरा एवढंसुद्धा नाही.

ही कृती लिहिणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे ओव्हनपासून ताटापर्यंतच्या वाटेवर दुसरं कोणी उभं नाही. विंचूरला वाटेवर माणसं असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला पुढची पायरी माहीत असते.

विंचूर निफाड तालुक्यात आहे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडं निघालं की निफाड सोडल्यावर आणि येवला यायच्या आधी लागतं. पुण्याच्या लोकांना गावापेक्षा वाडा ठाऊक असतो. लोकमान्य टिळक केसरीवाड्यात जाण्याआधी सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात राहायचे, आणि १८९२ साली स्वामी विवेकानंद तिथंच त्यांच्याकडं उतरले होते. हे विंचूरकर म्हणजे विठ्ठल शिवदेवांचं घराणं. विंचूर त्यांची जहागीर. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी गोल बांधून शिस्तीत पुढं सरकायचं ठरलेलं असताना, गारद्यांच्या तोफा चांगलं काम करत असताना, ज्यांच्या घोडदळाला दम निघाला नाही आणि जे गोल मोडून पुढं धावले, त्यांत दमाजी गायकवाडांबरोबर विठ्ठल शिवदेवांचंही नाव घेतलं जातं. ठपका न्याय्य आहे की नाही ते इतिहासकारांनी भांडून ठरवावं. पण नीट चाललेल्या कामात मधे हात घालू नये, हा गुण त्या गावात अजूनही मुक्कामाला आलेला नाही, एवढं मी मामाच्या स्वयंपाकघरात बसून सांगू शकतो.

मामा कांदेवाला. तिकडं कांदेवाला नसणं हेच विशेष. शेजारी लासलगाव, तिथली बाजार समिती १९४७ची. तिचं उपबाजार आवार खुद्द विंचूरला. कांद्याला चाळीत कोंब फुटू नये म्हणून लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली गॅमा किरणांचा प्रकल्प उभारला. अणुशक्ती देशानं कशाकशासाठी वापरली त्या यादीत कांदा आहे, यावरून परिसराचा अग्रक्रम कळावा. आणि याच विंचूरला एमआयडीसीचं वाइन पार्कही आहे. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांचं धोरण आणलं, त्यातून दोन पार्कं निघाली: सांगलीकडं पलूसला एक आणि इकडं विंचूरला एक. त्यामुळं आता रस्त्याच्या एका अंगाला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि दुसऱ्या अंगानं मुंबईच्या नंबरप्लेटच्या गाड्या पेल्यात नाक घालायला जातात. दोघं एकमेकांकडं काचेतून बघतात. दोघांनाही समोरच्याची दया येते.

माझा मामेभाऊ यातल्या दुसऱ्या अंगाला नोकरीला आहे. एका वायनरीत पाहुण्यांना टाक्या दाखवणं, बॅरल म्हणजे काय ते सांगणं, कुठल्या वाइनबरोबर काय खावं ते सुचवणं, असं त्याचं काम. त्या कामाच्या ओघात त्यानं भाजलेले ब्रुसेल्स स्प्राउट्स पाहिले, चाखले, आणि घरच्यांनीही ते चाखले पाहिजेत असा विचार त्याच्या मनात आला. नाशिकच्या एका मोठ्या दुकानातून त्यानं पाकीट आणलं. पाकिटावर पारदर्शक वेष्टन, आत ओळीनं लावलेले हिरवे गड्डे, किंमत दोनशे रुपये.

मामांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, दाबलं, आणि बाजारातल्या वक्कलाचा निकाल द्यावा त्या आवाजात म्हणाले, "ही तर कोबीची गोल्टी."

गोल्टी म्हणजे कांद्यातला बारका माल. प्रतवारी करताना तो वेगळा काढतात, त्याचा भाव वेगळा पुकारतात आणि तो भाव ऐकताना शेतकरी दुसरीकडं बघतो. आयुष्यभर गोल्टी निम्म्या भावानं घातलेल्या माणसाला, जगात कुठंतरी मुद्दाम गोल्टीच पिकवतात आणि ती मोठ्या मालाच्या दसपट भावानं जाते, हे पटवून देणं सोपं नव्हतं. भावानं प्रयत्न केला. हा कोबीचा वाया गेलेला माल नाही, ही वेगळी भाजी आहे; उभ्या दांडक्याला पानांच्या बेचक्यांतून खालपासून वरपर्यंत असे गड्डे लगडतात; कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि हे, सगळी एकाच जातीची भावंडं, एकाच रानटी झाडापासून माणसानं निवडून निवडून केलेली. कोणी शेंडा वाढवला, कोणी फूल, कोणी खोड, आणि बेल्जियमवाल्यांनी बगलेतल्या कळ्या.

"म्हणजे पिलं काढायची राहून गेली," मामा म्हणाले, "आणि त्यांनी तेच पीक म्हणून विकलं. हुशार आहेत."

मग हिशेब सुरू झाला. निफाड तालुक्यातली एक गोष्ट तिकडं अजून सांगतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा साडेसातशे किलो कांदा गेला आणि पट्टी आली १०६४ रुपयांची. त्यानं ते पैसे मनीऑर्डरनं थेट पंतप्रधानांना पाठवून दिले. मामांनी मनातल्या मनात भागाकार केला. साडेसातशे किलो कांद्यात पाच पाकिटं येतात, आणि वर चौसष्ट रुपये उरतात मनीऑर्डरच्या खर्चाला. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातबंदीच आली, तेव्हापासून मामांना कुठल्याही परदेशी वस्तूबद्दल पहिला प्रश्न सुचतो तो असा: "याच्यावर बंदी नाही का?"

आणि दुसरा: "येतं का हे आपल्याकडं?"

नवीन खाद्यपदार्थ समोर आला की शहरातला माणूस विचारतो, कसं लागतं. विंचूरचा माणूस विचारतो, कशी लागवड करतात. चव हा तपशील झाला. एकरी रोपं किती, ठिबक कुठलं, माल किती दिवसांत, उचलणार कोण. शेवटचा प्रश्न मामा सगळ्यात हळू विचारतात, कारण त्याचा अनुभव आहे. वाइनचं वारं सुटलं तेव्हा त्यांनीही एक तुकडा वाइनच्या द्राक्षांचा लावला होता. ही द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. घरात कोणी तोंडात टाकत नाही आणि बेदाणाही होत नाही. २००८-०९च्या मंदीत वाइनचा उठाव बसला, माल घ्यायला कोणी फिरकेना, आणि नाशिक जिल्ह्यात अनेकांनी बागा तोडल्या. मामांनीही तोडली. त्याच्याआधी गावात कोणी इमू पाळून पाहिले होते, नंतर कोणी कडकनाथ. इमूला तर माणसं नुसती बघायला यायची, आणि तीच त्याची एकूण मिळकत.

तरीही हवामानाचा मुद्दा निघाला तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. ब्रुसेल्स स्प्राउट्सना लांबलचक थंडी लागते. एवढंच नाही, कडाक्याची थंडी पडली तर त्यांची गोडी वाढते, कारण गोठू नये म्हणून झाड पेशींत साखर साठवतं. आपल्या देशात ते निलगिरीत, हिमाचलात होतात. आणि थंडी म्हटली की निफाडची छाती फुगते. हिवाळ्यात महाराष्ट्रातलं सर्वांत कमी तापमान म्हणून पेपरात जे नाव येतं, ते बहुतेक वेळा निफाडचं. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात. महाबळेश्वरला लोक स्वेटर घेऊन जातात, थंडी मात्र निफाडला असते. ती पर्यटन खात्याच्या कधी लक्षात आली नाही, कारण तिथं घोडे आणि स्ट्रॉबेरी विथ क्रीम नाही. पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, मणी तडकू नयेत म्हणून. एवढी थंडी फुकट जाते याचं मामांना वर्षानुवर्षं वाईट वाटतंय. जगात एक पीक असं आहे जे या थंडीत गोड होतं, हे कळल्यावर ते पाचेक मिनिटं गप्प होते. पुढं म्हणाले, "पण सलग लागेल. आपल्याकडची थंडी आठ दिवस येते, फोटो काढून जाते."

इथपर्यंत सगळं ओसरीवर चाललेलं. पाकीट स्वयंपाकघरात गेलं आणि सूत्रं मामींकडं आली.

घरात ओव्हन आहे. कोरोनाच्या वर्षी मामेबहिणीनं केक करायला घेतलेला. टाळेबंदी उठली तसा केकही उठला, आणि तेव्हापासून ओव्हनमध्ये उडदाचे पापड, कुरडया आणि लोकांना उसने द्यायचे नसलेले दोन स्टीलचे डबे असतात. उंदरापासून सुरक्षित जागा म्हणून त्याचं घरात नाव आहे. तो रिकामा करायचा म्हणजे उन्हाळ्याची बेगमी बाहेर काढायची, म्हणून मामींनी तो विषय दोन शब्दांत मिटवला: "तव्यावर कर."

हरकत नाही. लोखंडी तवा चांगला तापला असेल तर तो ओव्हनच्या तोंडात मारतो. अट एकच: चिरलेली बाजू तव्याला पूर्ण टेकली पाहिजे आणि गड्ड्यांमध्ये मोकळी जागा पाहिजे. लासलगावच्या बाजारच्या दिवशी एसटीत जे होतं, तेच तव्यावर गर्दी केली की होतं. आतला घाम बाहेर जायला वाट उरत नाही, सगळे एकमेकांच्या वाफेवर शिजतात आणि कोणाचाच रंग बदलत नाही. भाजणं आणि वाफवणं यांत फरक एवढाच. ओलावा उडून गेला आणि उष्णता दीडशे अंशांच्या आसपास गेली की साखर आणि प्रथिनं मिळून तो तपकिरी, खमंग थर तयार करतात. पाणी असेपर्यंत तापमान शंभरावर अडकून बसतं, आणि शंभर अंशांवर कोबीजातीची भाजी फक्त एकच गोष्ट मन लावून करते. ती वास सोडते.

आजी हे बघत होती. ती म्हणाली, "आधी उकडून घे. कच्चं राहील."

युरोपातल्या कित्येक आज्यांनी हेच सांगितलं आणि एका भाजीचं नाव शंभर वर्षं खराब केलं. इंग्लंडात नाताळच्या जेवणात हे गड्डे असतातच, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते गंधकाचा वास सुटेपर्यंत उकडले गेले. कोबीच्या सगळ्या भावकीत गंधकयुक्त द्रव्यं असतात. जितकं जास्त उकडाल तितकी ती घरभर आपली ओळख करून देतात. इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यामागं व्यापार होता, दारूगोळा होता, हे सगळं खरं. पण घरी जेवायला हे असेल तर माणूस बोटीत बसतोच. मुलांना ही भाजी आवडत नाही याचं कारण नुसतं लाडावणं नव्हतं हे पुढं सिद्धही झालं. नव्वदच्या दशकात हान्स व्हान डोर्न नावाच्या डच शास्त्रज्ञानं यातला कडूपणा सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन या दोन द्रव्यांमुळं येतो हे दाखवून दिलं, आणि बियाण्यांच्या कंपन्यांनी जुनी कमी कडू वाणं शोधून नव्यांशी संकर केले. म्हणजे आजोबांना जी भाजी बळजबरीनं खावी लागली ती खरोखर कडू होती, आणि नातवंडांना मिळते ती तशी नाही. पिढ्यांमधला हा एक वाद तरी प्रयोगशाळेत सुटला.

आजीला यातलं काही सांगितलं नाही. तिनं कारलंसुद्धा कडू नसतं असं आम्हाला वाढवलेलं आहे.

तर गड्डे तव्यावर बसले. तेल, मीठ. सात-आठ मिनिटांत चिरलेल्या बाजूला गडद रंग आला, बाहेरची सुटी पानं कुरकुरीत झाली आणि स्वयंपाकघरात वास सुटला तो कोबीचा नव्हता. भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळपासचा होता. भावानं गॅस बंद केला. तो म्हणाला, "झालं."

"काय झालं?" मामी.

"भाजून झालं."

"ते दिसतंय. मग पुढं काय?"

मला वाटतं, साऱ्या प्रकरणाची मेख इथं आहे. आपल्याकडं भाजणं ही तयारी आहे. वांगं भाजतो ते सोलून, ठेचून, कांदा-मिरची-दाण्याचं कूट घालून भरीत करायला. शेंगदाणे भाजतो कूट करायला. रवा भाजतो म्हणजे शिरा किंवा उपमा येणार असतो. डाळी-तांदूळ-बाजरी भाजतो आणि त्यांची भाजणी गिरणीत पाठवतो. जिचं नावच भाजणी, तिलाही भाजल्यावर सुटका नाही, पीठ होऊन थालीपीठ व्हायचंय. आणि नाशिक-खानदेशाकडं तर कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरतात, पार काळी होईपर्यंत, आणि पुढं पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये त्यांचा गंधासारखा लगदा करतात. काळा रस्सा उभा राहतो तो या लगद्यावर. त्या जाळावरच्या कांद्याइतकं सुंदर काही नसतं. भाजल्यानं त्यातलं डोळ्यांत पाणी आणणारं एन्झाइम निकामी होतं, तिखटपणा जातो, आतल्या पाकळ्या मऊ आणि गोड होतात. (कांदा चिरताना रडू नेमकं कसं येतं, हे शोधणाऱ्या जपानी संशोधकांना २०१३ साली गमतीचं इग नोबेल मिळालं. विंचूरला विचारलं असतं तर कांदा न चिरताही कसं येतं ते कळलं असतं.) तो कांदा नुसता मीठ लावून खावा, असा मोह कोणालाही व्हावा. पण घरात तो मोह कोणी केल्याचं मी पाहिलेलं नाही. कांदा भाजून झाला की मिक्सरचं झाकण निघतं.

याला अपवाद आहेत, आणि ते सगळे घराबाहेरचे आहेत. हुरडा, मक्याचं कणीस, शेकोटीत टाकलेल्या ओल्या शेंगा, बागेत धूर करायला जागताना निखाऱ्यात ढकललेला कांदा नाहीतर बटाटा. तिथं माणूस भाजतो आणि थांबतो. कारण तिथं फोडणीचं पातेलं नसतं, मिसळणाचा डबा नसतो आणि मुख्य म्हणजे मामी नसतात. पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं की भाजलेल्या वस्तूला एकटं सोडणं हा आळस ठरतो. पाहुण्याच्या पुढं नुसती भाजलेली भाजी ठेवली तर त्याचा अर्थ घरात तेल संपलंय, बाई आजारी आहे, किंवा पाहुणा नको आहे, यांपैकी एक लावला जातो. फक्त पापड भाजून तसाच ताटात येतो, आणि तो बिचारा वाळवणात इतके हाल सोसून आलेला असतो की त्याला पुढं काही करायचं कोणाच्या मनात येत नाही.

भावानं बाजू लावून धरली. हा साइड डिश आहे, तो म्हणाला. मूळ पदार्थाच्या शेजारी ठेवायचा.

"मूळ पदार्थ कोणता?" मामींनी विचारलं.

तिकडं असतो टर्की, किंवा मासा, किंवा काहीतरी भाजलेलं मोठं.

"म्हणजे भाजलेल्याच्या शेजारी भाजलेलं?"

हा मुद्दा मी तोवर लक्षात घेतला नव्हता. ताटाचा भूगोलही आड आला. आपल्या ताटात डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडं भाज्या आणि आमटी. आणि मध्ये वरणभात किंवा भाकरी. डावी बाजू चिमटीनं खायची, उजवी घासाबरोबर. नवी वस्तू आली की तिला आधी जागा द्यावी लागते. भाजलेले गड्डे डावीकडं ठेवावेत तर ते आंबटही नाहीत आणि तिखटही नाहीत. उजवीकडं ठेवावेत तर रस नाही, भाकरीचा तुकडा त्यांना लागत नाही, गड्डा पुढं पळतो. मामींनी एक घरंगळता गड्डा भाकरीत पकडायचा तीन वेळा प्रयत्न केला आणि मला विचारलं, "हे भाकरीशी खायचं का भाताशी, तेवढं सांग. म्हणजे मी ठरवते."

दोन्हीशी नाही, असं उत्तर खरं होतं. ते देण्याची हिंमत झाली नाही. बाजरीची भाकरी समोर असताना एखादी गोष्ट कशाशीच खात नाहीत म्हणणं म्हणजे ती अन्न नाही असं कबूल करणं.

पुढचा भाग लवकर सांगतो, कारण तो लवकरच घडला. भाऊ फोनवर बोलायला ओसरीवर गेला. मामींनी तवा पुन्हा गॅसवर ठेवला. लसणाच्या पाकळ्या ठेचून टाकल्या, जिरं टाकलं, घरचं काळं तिखट टाकलं. आजीनं लांबूनच "दाण्याचं कूट" असा एक शब्दसमूह उच्चारला आणि तो अमलात आला. मामा पाणी प्यायला म्हणून आत आले आणि एक कांदा बारीक चिरून ठेवून गेले. कांदा कमी पडू नये ही त्यांची एकूणच भूमिका. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी हे काय म्हणून विचारलं, कोबी असं उत्तर मिळालं, त्यावर "मग चिमूटभर साखर टाका की" असं सुचवून त्या विरजण घेऊन गेल्या. शेवटी अर्धी वाटी पाणी, झाकण आणि एक वाफ. ओलावा उडवायला जे काही केलं होतं, ते सगळं अर्ध्या वाटीत परत आलं.

भाऊ आत आला, झाकण उचललं आणि काही क्षण तसाच उभा राहिला.

"तुझं भाजणं वाया नाही गेलं हं," मामी म्हणाल्या. "भाजल्यामुळंच चव आली."

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आली होती. काळ्या तिखटाखाली, कुटाखाली, लसणाखाली कुठंतरी तो खमंगपणा होता, दाताखाली गड्डा थोडा कुरकुरत होता, आणि भाकरीशी उत्तम लागत होता. मी दोनदा मागून घेतलं. शुद्धतावादी लोकांनी मला माफ करू नये, माझी हरकत नाही. वायनरीतल्या पांढऱ्या ताटलीत ज्या पदार्थाला भाऊ "यात काही केलेलंच नाही, हीच गंमत" म्हणून पेश करतो, त्यात इथं सगळ्यांनी सगळं केलं होतं, आणि गंमत तिथंही होती. फक्त ताटलीतली गंमत चारजण मिळून संपवत नाहीत. आमची तव्याच्या कडेला चिकटलेल्या कुटासकट संपली. आजीनं तवा भाकरीच्या तुकड्यानं पुसला.

मामांचा अभिप्राय जेवण झाल्यावर आला. माल चांगला आहे, ते म्हणाले, पण पॅकिंगमध्ये पैसा जातो. हाच माल गोणीत भरून दिला तर भाव निम्म्यावर येईल. मग त्यांनी वर बघत आणखी थोडा हिशेब केला आणि म्हणाले की गोणीत भरला तर भाव निम्म्यावर येईल म्हणून तर ते पाकिटात भरत असतील. यावर ते बराच वेळ समाधानी दिसले. व्यापार कुठलाही असो, शेतकऱ्याला कुठं कापलं जातं ते ठिकाण सापडलं की त्यांना बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामाला निघाला तेव्हा मामींनी त्याला आणखी एक पाकीट आणायला सांगितलं. तो खुलला. आपण घरात काहीतरी रुजवलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पण जरा बघून आण," मामी पुढं म्हणाल्या. "एवढी बारीक नको. निवडत बसायला लागतं, एकेकाचं बूड काढा, एकेकाचं पान काढा. त्यातल्या त्यात मोठी मिळाली तर बघ. मोठी असली तर एकच आणलीस तरी चालेल."

भावानं गाडी चालू केली आणि नाशिकच्या दुकानात न जाता विंचूरच्या बाजारातूनच वीस रुपयांत ती घेऊन आला.